‘दाबद्रावण’ : एका संज्ञेची चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेचा विचार करताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : परभाषेतील अमुक शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता? ह्या प्रश्नाच्या आधी यावयास हवा असा दुसरा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही, आणि तो म्हणजे, मूळ शब्द जे सांगतो ते खरे आहे काय? संज्ञा ही केवळ खूण असते, ती वस्तूचे वर्णन करीत नाही, असे मानणाऱ्यास हा दुसरा प्रश्न अनावश्यक वाटेल. परंतु सामासिक संज्ञा ही नुसती खूण नसते. तीत दोन पदांमधील संबंधाविषयी एक विधान दडलेले असते, आणि विधान म्हटले की ते खरे किंवा खोटे असू शकते. प्रस्तुत लेखात भूविज्ञानातील अशाच एका संज्ञेची चिकित्सा करावयाची आहे. इंग्रजीत तिला ‘प्रेशर सोल्यूशन’ म्हणतात. तिचे शब्दशः मराठी रूप करावयाचे झाल्यास ‘दाबद्रावण’ असे होईल.

घटना थोडक्यात अशी. वाळूचे किंवा चुन्याचे कण एकावर एक साठतात व वरच्या थरांच्या भाराखाली दबतात. कणांमधील पोकळ्यांत पाणी असते. जेथे दोन कण एकमेकांना टेकतात तेथे त्यांचे द्रव्य हळूहळू पाण्यात विरघळते. सांध्यातील पाण्याच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून ते बाहेरच्या पोकळीकडे सरकते. आणि तेथे कणाच्या मोकळ्या पृष्ठावर पुन्हा स्फटिकरूपाने बसते. परिणामी कण एकमेकांत रुततात, पोकळ्या बुजतात, आणि सैल वाळूचा घट्ट खडक होतो. हे सारे घडताना खनिज कोठेही वितळत नाही. पुष्कळदा तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षाही कमी असते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या नित्य पाहण्यातील खडक म्हणजे बेसाल्ट. ज्या वालुकाश्मांत व चुनखडकांत ही घटना पाहावयास मिळते ते आपल्याकडे मुख्यतः विदर्भाच्या पूर्वेकडील भागात, चंद्रपूर-यवतमाळच्या बाजूस आहेत. त्यामुळे बहुतेकांना ही घटना खडकाकडून न कळता शब्दाकडून कळते. जेथे वस्तू डोळ्यांसमोर नसते तेथे नावावर अधिक भार पडतो. म्हणूनच हे नाव तपासून घेणे अगत्याचे आहे.

२

प्रथम ह्या विषयातील एका जुन्या नावाकडे पाहू. चकाकी दिलेल्या चुनखडकाच्या लाद्यांवर पुष्कळदा करवतीच्या दात्यांसारखी वेडीवाकडी काळसर रेषा दिसते. तिला ‘स्टायलोलाइट’ म्हणतात. खडकाचा एक पट्टा विरघळून गेला व न विरघळणारा चिकणमातीचा अंश मागे उरला, त्याची ही शिवण होय. परंतु क्लोडेन ह्या जर्मन अभ्यासकाने १८२८ मध्ये ह्या रेषेतील स्तंभाकार दात्यांना नाव दिले, ते एका जीवाचे अश्मीभूत अवशेष समजून. ग्रीक भाषेतील ‘स्तंभ’ व ‘दगड’ ह्या अर्थांच्या दोन शब्दांपासून हे नाव बनले आहे. जीवाची कल्पना पुढे टाकून देण्यात आली. नाव मात्र टिकले.

ह्या चुकीच्या नावाने काही अपाय झाला काय? फारसा नाही. त्याचे कारण भाषिक आहे. ‘स्टायलोलाइट’ हा शब्द वापरणाऱ्यास त्यातील ग्रीक घटक दिसत नाहीत. आणि दिसले तरी ते ‘स्तंभासारखा दगड’ एवढेच सांगतात, तो स्तंभ कशामुळे झाला हे सांगत नाहीत. अपारदर्शक नाव चुकीचे असले तरी निरुपद्रवी असू शकते. ‘दाबद्रावण’ हा शब्द ह्याच्या नेमका उलट आहे. त्यातील दोन्ही पदे शाळकरी मुलालाही कळतात, आणि कळली असे वाटताच तो पुढचा प्रश्न विचारीत नाही. ‘वालुकाश्मातील कण का विरघळतात?’ ह्या प्रश्नास ‘दाबद्रावणामुळे’ असे उत्तर देता येते, आणि ते उत्तर वाटते. वास्तविक ते प्रश्नाचीच पुनरुक्ती असते. पारदर्शक संज्ञेचे जे गुण आपण नेहमी सांगतो, त्यांची ही किंमत आहे.

३

आता समासातील पदे एकेक करून घेऊ. प्रथम पूर्वपद.

‘दाब’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. पाण्याच्या तळाशी असलेल्या वस्तूवर सर्व बाजूंनी सारखा दाब असतो. त्याला दिशा नसते. उलट, टाचेखाली सापडलेल्या खड्यावर पडणारा दाब एका दिशेने असतो. ह्याला शास्त्रात ‘प्रतिबल’ ही वेगळी संज्ञा आहे. प्रस्तुत घटनेत महत्त्वाचा आहे तो पहिला अर्थ नव्हे. कणाच्या सांध्यावर लंबदिशेने पडणारे प्रतिबल आणि शेजारच्या पोकळीतील पाण्याचा दाब ह्या दोहोंमधील फरक, हे येथील खरे चालक कारण मानले जाते. दोन्हीकडे दाब सारखाच वाढविला तर कण अधिक विरघळेल किंवा कमी, पण सांध्यापासून पोकळीकडे द्रव्य वाहण्याचे कारण उरणार नाही. तेव्हा काटेकोरपणे बोलावयाचे तर कारण ‘दाब’ नसून ‘दाबभेद’ आहे.

ह्या विषयाचा पाया घालणारा सॉर्बी हा शेफील्डचा संशोधक. खडकाचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धती त्याने रूढ केली. १८६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्याने यांत्रिक बल व रासायनिक बल ह्यांच्या परस्परसंबंधाचे प्रतिपादन केले. विरघळताना ज्या क्षाराचे एकूण आकारमान घटते तो क्षार दाबाखाली अधिक विद्राव्य होतो, हे त्याने प्रयोगाने दाखविले. हे प्रयोग सर्व बाजूंनी सारख्या असणाऱ्या दाबाचे होते. स्वित्झर्लंडमधील पिंडाश्मांत चुनखडकाचे गोटे एकमेकांत खळगे पाडून बसलेले आढळतात. ती घटना मात्र दिशायुक्त प्रतिबलाची आहे. दोन्हींना ‘प्रेशर’ हा एकच शब्द लागत असल्यामुळे प्रयोगापासून गोट्यांपर्यंतची उडी लहान वाटते. ती लहान नाही. ती उडी तर्कशुद्ध रीतीने कशी घ्यावी हे गिब्जच्या १८७६ ते १८७८ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या, विषम पदार्थांच्या समतोलावरील प्रबंधात सापडते. प्रतिबलाखाली असलेल्या स्फटिकाचा द्रवाशी समतोल प्रत्येक पृष्ठावर वेगळा असू शकतो, हे त्यात सिद्ध केलेले आहे.

४

उत्तरपद ‘द्रावण’. येथे मराठीपुरती एक खास अडचण आहे, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले पाहिजे.

बोलीत आपल्याजवळ दोन स्वच्छ क्रियापदे आहेत. साखर पाण्यात विरघळते. लोणी उन्हाने वितळते. लोणी विरघळले असे क्वचित कोणी म्हणेल. पण साखर पाण्यात वितळली असे सहसा म्हणणार नाही. पहिल्या क्रियेत दुसरा पदार्थ लागतो. दुसरीत फक्त उष्णता. परिभाषा घडविताना मात्र आपण संस्कृतातील ‘द्रु’ ह्या एकाच धातूकडे गेलो, आणि ‘द्रावण’ म्हणजे विरघळून झालेले मिश्रण, तर ‘द्रवणांक’ म्हणजे वितळण्याचे तापमान, असे दोन अर्थ एका घरात नांदावयास लावले. बोलीने जो भेद राखला तो परिभाषेने पुसला. ‘दाबद्रावण’ हा शब्द ऐकणाऱ्यास दाबाने बर्फ वितळण्याची गोष्ट आठवली, तर दोष त्याचा नाही. ह्याच कारणासाठी मराठी विश्वकोशाने स्वीकारलेला ‘विद्राव’ हा शब्द मला अधिक सुरक्षित वाटतो. उपसर्गामुळे निदान ‘द्रवणांका’शी त्याची गल्लत होत नाही.

ही गल्लत केवळ मराठीपुरती काल्पनिक आहे असे कोणी समजू नये. विज्ञानाच्या इतिहासात ती प्रत्यक्ष घडलेली आहे. ग्यॉटिंगेनचा पदार्थवैज्ञानिक रीके ह्याने १८९० नंतरच्या दशकात प्रतिबलाखालील घन पदार्थाच्या वितळण्याविषयी एक निष्कर्ष मांडला : प्रतिबलामुळे वितळबिंदू खाली येतो व ही घट प्रतिबलाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. भूवैज्ञानिकांनी हे ‘रीकेचे तत्त्व’ उचलले आणि खनिजांच्या विरघळण्यास लावले. पुढे कित्येक दशके पाठ्यपुस्तकांतून ह्याच नावाने स्पष्टीकरण दिले गेले.

फरक किती मोठा आहे ते आकड्यांनी पाहू. क्वार्ट्झच्या एका मोलचे आकारमान सुमारे २२.७ घन सेंटिमीटर असते. सांध्यावरील जादा प्रतिबल १० मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १०० पट, आहे असे धरू. गिब्जच्या रीतीने ह्या प्रतिबलास मोलच्या आकारमानाने गुणले असता दर मोलमागे सुमारे २२७ ज्यूल एवढी ऊर्जा येते. ती प्रतिबलाच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात आहे. उलट, रीकेच्या विचारसरणीतील, दाबलेल्या स्फटिकात साठणारी लवचिक ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात असते व ती ह्याच उदाहरणात एका ज्यूलच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरते. म्हणजे एक दुसरीच्या दहा हजारांहून अधिक पट आहे. वितळण्याचे तत्त्व विरघळण्याला लावल्याने मुख्य कारण बाजूला पडले आणि नगण्य कारणाला नाव मिळाले. दोन क्रियापदांचा भेद न पाळल्याची ही शिक्षा होय.

५

पदे झाली, आता विग्रह. मराठी व्याकरणाची ही जुनी शिस्त येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. इंग्रजीत दोन नामे शेजारी ठेवली की काम भागते. त्यांच्यामधील संबंध सांगण्याची सक्ती कोणी करीत नाही. आपल्याकडे समास दिसला की विग्रह करावयाचा असतो, आणि विग्रहात विभक्ती लपविता येत नाही. ‘तोंडपाठ’ म्हणजे तोंडाने पाठ, हा तृतीया तत्पुरुष. ‘वनभोजन’ म्हणजे वनातील भोजन, हा सप्तमी तत्पुरुष. मग ‘दाबद्रावण’ कोणता? दाबाने होणारे द्रावण, की दाबात, म्हणजे दाबाच्या ठिकाणी, होणारे द्रावण? पहिला विग्रह कारण सांगतो. दुसरा फक्त स्थळ सांगतो. गेल्या काही दशकांत ह्या विषयात जो मोठा वाद झाला तो नेमका ह्या दोन विभक्तींमधला वाद आहे.

तृतीयेच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. वर सांगितलेल्या पिंडाश्मांत चुनखडकाचे गोटे चुनखडकाच्याच गोट्यांत रुतलेले असतात. स्थळ व द्रव्य दोन्हीकडे एकच असल्यामुळे प्रतिबलाशिवाय दुसरे कारण शोधणे कठीण आहे. मिठावरील प्रयोग तर अधिकच बोलके आहेत. साध्या मिठाचे कण संपृक्त खारट पाण्यात ठेवून खोलीच्या तापमानाला दाबले असता ते घट्ट होत जातात. कोरडे मीठ त्याच भाराखाली जवळजवळ तसेच राहते. कणांचा आकार जितका लहान तितका वेग मोठा, आणि तोही व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे कण निम्म्या आकाराचे घेतले तर घट्ट होण्याचा वेग आठपट. सांध्यातून होणारे विसरण हा सर्वांत मंद टप्पा असेल तर असेच घडावयास हवे. हे प्रयोग नेदरलंड्समधील उत्रेख्त येथे १९८० नंतरच्या दशकात व पुढे पद्धतशीरपणे झाले.

ह्याच प्रयोगांतून एक गोष्ट आणखी ध्यानात येते. कोरडे मीठ दबत नाही. विरघळविणारे पाणी आहे, दाब नव्हे. ज्याच्याशिवाय क्रिया अशक्य त्या पाण्याला ह्या समासात स्थानच नाही. करणाला पूर्वपदाचा मान मिळाला आणि कर्ता बाहेर राहिला.

सप्तमीच्या बाजूचा पुरावा क्वार्ट्झच्या वालुकाश्मांतून आला. क्वार्ट्झचे कण एकमेकांना टेकतात तेथे फारसे विरघळलेले नसतात. पण जेथे क्वार्ट्झला अभ्रक किंवा चिकणमाती लागलेली असते तेथे ते ठळकपणे विरघळलेले दिसतात. हील्ड ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९५०-६० च्या दशकातच चिकणमातीच्या ह्या सहभागाकडे लक्ष वेधले होते. १९९६ मध्ये ब्यॉर्कुम ह्या नॉर्वेच्या भूवैज्ञानिकाने प्रश्न उघडपणे विचारला : वालुकाश्मातील क्वार्ट्झ विरघळण्यात दाबाचे महत्त्व कितपत? अभ्रकाची पत्री ही अत्यंत पातळ व सहज वाकणारी असते. ती क्वार्ट्झच्या कणात शिरलेली दिसते, पण वाकलेली नसते. दाबाने ती आत ढकलली गेली असती तर आधी तीच वाकली असती. ह्यावरून त्याने असे प्रतिपादिले की येथील मुख्य कारणे म्हणजे तापमान आणि अभ्रकाचे सान्निध्य. दाबाचा वाटा गौण आहे.

ह्यापुढचे पाऊल प्रयोगशाळेत पडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत, पृष्ठांमधील बले मोजण्यासाठी विकसित केलेल्या उपकरणात, क्वार्ट्झ व अभ्रक ह्यांची पृष्ठे क्षारयुक्त पाण्यात समोरासमोर आणण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या कामात तापमान २५ अंश सेल्सिअस होते व दाब वातावरणाच्या अवघ्या दोन-तीन पट. तरीही अभ्रकासमोरचे क्वार्ट्झ विरघळले. आपल्या वरच्या हिशेबाप्रमाणे एवढ्या दाबाने क्वार्ट्झची विद्राव्यता पाव टक्क्याच्या आसपास वाढेल; तीवर हा परिणाम लादता येत नाही. पुढील काही वर्षांच्या कामातून ह्या संशोधकांनी असे मत मांडले की दोन भिन्न खनिजांच्या पृष्ठांवरील विद्युत विभवांतील फरक हे येथील निर्णायक कारण आहे. बाहेरून विभव लावून विरघळण्याचा वेग बदलता येतो, हे त्यास पोषक ठरले. दाबाचे काम मग एवढेच उरते की त्याने दोन पृष्ठे पुरेशी जवळ आणून धरावीत.

येथे एक आक्षेप रास्त आहे. पृष्ठे वरून गुळगुळीत दिसली तरी प्रत्यक्ष स्पर्श थोड्याच उंचवट्यांवर होतो, आणि तेथील प्रतिबल सरासरीहून पुष्कळ अधिक असू शकते. तेव्हा सरासरी दाबावरून केलेला हिशेब अंतिम मानता येणार नाही. परंतु हा आक्षेप सर्व खनिजांना सारखाच लागू आहे. क्वार्ट्झ अभ्रकापाशी विरघळते आणि क्वार्ट्झपाशी तितके विरघळत नाही, ह्या भेदाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

६

ह्या वादाला व्यावहारिक अंगही आहे. खोल पुरलेल्या वालुकाश्मात तेल, पाणी किंवा वायू किती मावेल हे त्यातील पोकळ्यांवर ठरते. काही ठिकाणी पोकळ्यांतील पाण्याचा दाब असामान्य रीतीने वाढलेला असतो आणि तो वरचा भार काही अंशी तोलून धरतो. तृतीया खरी असेल तर अशा ठिकाणी कणांचे विरघळणे मंदावेल व पोकळ्या टिकतील. सप्तमी खरी असेल तर पाण्याच्या दाबाचा तेवढा उपयोग होणार नाही. तापमान व अभ्रक आपले काम करीतच राहतील. एका विभक्तीवर भाकीत उलटते.

ह्याच ओघात ‘निम्न तापमान’ ह्या विशेषणाचाही खुलासा झाला पाहिजे, कारण ‘निम्न’ हे सापेक्ष विशेषण आहे. रूपांतरित खडकांच्या अभ्यासकाला २०० अंश म्हणजे निम्न. वालुकाश्मातील क्वार्ट्झची हालचाल साधारण ७०-८० अंशांच्या पुढे लक्षणीय होते. तिच्या अभ्यासकाला २५ अंश निम्न. चुनखडकात शिवणी ह्याहून पुष्कळ कमी तापमानाला व कमी खोलीवर तयार होऊ शकतात, कारण कॅल्साइटच्या हालचाली मुळातच जलद आहेत. शिवाय त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर वाढत नाही, घटते. कोणत्या खनिजाच्या मानाने निम्न, हे सांगितल्यावाचून हे विशेषण वापरू नये.

७

मग संज्ञेचे काय करावे? १९७२ मध्ये डर्नी ह्याने इंग्रजीत ‘विद्राव-स्थलांतर’ अशा अर्थाचे नाव पुढे केले. ते दाबाविषयी मौन पाळते, हा त्याचा गुण. पण तेही इंग्रजीतील जुन्या नावाला हटवू शकले नाही. रूढ झालेले नाव आज्ञेने बदलत नाही, हे भाषेचा अभ्यासक तरी विसरू शकत नाही. परंतु मराठीची स्थिती वेगळी आहे. येथे ही संज्ञा अद्याप रुळावयाची आहे. तेव्हा पर्याय निवडण्याची संधी आपल्याला आहे, आणि ती अनुवादाच्या घाईत दवडू नये.

माझी सूचना अशी की, सर्वसाधारण घटनेस ‘संपर्कविद्राव’ म्हणावे. हा उघड सप्तमी तत्पुरुष आहे : संपर्काच्या ठिकाणी होणारा विद्राव. हे नाव काय घडते व कोठे घडते एवढेच सांगते; का घडते हे संशोधनावर सोपविते. जेथे प्रतिबलाचे कर्तृत्व स्वतंत्रपणे सिद्ध झाले असेल, जसे मिठाच्या बाबतीत किंवा चुनखडकाच्या गोट्यांच्या बाबतीत, तेथे ‘दाबविद्राव’ हा पोटभेद खुशाल वापरावा, आणि त्याचा विग्रह तृतीयेने करावा.

कोणी म्हणेल की ‘संपर्क’ हा शब्दही निर्दोष नाही, कारण सांध्यात पाण्याचा पापुद्रा असेल तर कणांचा खरा संपर्क होतच नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो स्थळाच्या काटेकोर वर्णनाविषयीचा आहे, कारणाविषयीचा नाही, आणि स्थळाची चूक सूक्ष्मदर्शकाखाली दुरुस्त होऊ शकते. नावातच गृहीत धरलेले कारण मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच बसलेले असते.

परिभाषा-समित्यांच्या कामात व्याकरणाचा उपयोग लिंग, वचन आणि संधी तपासण्यापुरता मानला जातो. त्याहून मोठा उपयोग त्याला आहे. प्रत्येक नव्या सामासिक संज्ञेचा विग्रह करून तो त्या त्या शास्त्राच्या अभ्यासकापुढे ठेवावा व ‘ही विभक्ती तुम्हांस मान्य आहे काय?’ असे विचारावे. उत्तर ‘होय’ आले तर संज्ञा पक्की. उत्तर ‘नाही’ किंवा ‘वाद आहे’ असे आले, तर शब्द रूढ होण्यापूर्वीच तो बदललेला बरा.